घरालाही म्हातारपण येते

डोंबिवली हे मुंबईच्या लोकलवरचे गाव. ठाण्याच्या पुढे, कल्याणच्या अलीकडे. नोकरी मुंबईत आणि बिऱ्हाड डोंबिवलीत, असे हजारो लोकांनी केले. जागा तिथे स्वस्त पडे. कुणी फंडातून पैसे काढले, कुणी दागिने मोडले, आणि दोन खोल्या घेतल्या. त्यांतले पुष्कळजण आता पेन्शनीत निघाले आहेत. माणसे म्हातारी झाली, तशी घरेही झाली.

आप्पांचेच पाहा. इमारत चाळीस वर्षांची. आप्पा तिसऱ्या मजल्यावर. न्हाणीघराच्या भिंतीला चीर पडली. आप्पांनी ती सिमेंटने बुजवली, वर रंग दिला. पुढच्या पावसाळ्यात पोपडे पडले. आतली गंजलेली सळई दिसू लागली.

खालच्या मजल्यावरची सूनबाई म्हणाली, “आप्पा, रंगाने दुखणे झाकते, बरे होत नाही. इंजिनियरला दाखवा.”

“अगं, पेन्शन ती केवढी! आणि घर खाली करा म्हणाले, तर या वयात जाऊ कुठे?”

आप्पांची भीती खोटी नव्हती. पण गंज कुणासाठी थांबत नाही. सिमेंट आणि सळई मिळून इमारतीचा भार पेलतात. चिरेतून पाणी शिरले की सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो फुगतो आणि सिमेंट आतून फोडतो. मग आणखी पाणी शिरते. २०१५ साली जवळच्या ठाकुर्लीत एक जुनी इमारत कोसळली. माणसे दगावली.

म्हणून सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत तपासणी सांगितली आहे. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल, तर दर ५ वर्षांनी. ३० वर्षांच्या वर गेली, की दर ३ वर्षांनी. या तपासणीला ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ म्हणतात. दुखणे लवकर कळले, तर पुष्कळदा दुरुस्तीवर भागते. उशीर झाला, तर घर सोडायची पाळी येते.

आप्पांनी सभेत स्वतःच विषय काढला. “माझ्या भिंतीपासून सुरुवात करा,” म्हणाले. तपासणी ठरली. खर्च सर्वांनी वाटून घेतला.

ध्यानात ठेवा :
चीर दिसली, तर झाकू नका. सोसायटीला लेखी कळवा.
तपासणीचा अहवाल मागून वाचा.
घर सोडण्याच्या कागदावर न वाचता सही करू नका.

प्रश्न :
१. गंजलेली सळई सिमेंट कशी फोडते?
२. आप्पांना कशाची भीती वाटत होती?
३. तुमची इमारत किती वर्षांची आहे? शेवटची तपासणी कधी झाली?