आधी गोवा की थेट अटलांटिक?

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्हा दोघांना समुद्रप्रवास करायचाय. मुंबई-गोवा क्रूझ घ्यावी, की साउदम्प्टनहून सात रात्रींत न्यूयॉर्कला जाणाऱ्या ‘क्वीन मेरी २’ने अटलांटिक ओलांडावा? हिला बस लागते.
– एक वाचक, रबाळे

उत्तर : वहिनींना बस लागते, ही यातली मुख्य गोष्ट. बस लागणाऱ्याला बोट लागतेच असं नाही, पण शक्यता बरीच. गोव्याच्या फेरीत त्रास झाला तरी एक-दोन दिवसांत पाय जमिनीला लागतात. अटलांटिकमध्ये वाटेत बंदरच नाही.

म्हणून आधी गोवा. रबाळ्याहून वाशीला गाडी बदलून सीएसएमटी, पुढे बॅलार्ड पिअरला टॅक्सी. पावसाळा टाळाच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपला समुद्र बराच शांत असतो. केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी मागा. नाळेकडच्या टोकाला हेलकावे जास्त बसतात. गोळी डॉक्टरांना विचारून, मळमळ सुरू होण्याआधीच घ्यायची. उलट्या लागल्यावर ती पोटात टिकत नाही.

वहिनींना हे मानवलं, तर अटलांटिक मुळीच सोडू नका. चहूकडे नुसतं पाणी, दिवसच्या दिवस! हा अनुभव किनाऱ्याच्या क्रूझवर मिळत नाही. पश्चिमेला जाताना घड्याळ बहुतेक रात्री तासभर मागे सरकतं, त्यामुळे विमानप्रवासासारखी झोप बिघडत नाही. ब्रिटन आणि अमेरिका, दोन्ही व्हिसा हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे भरू नका. जहाजावरच्या डॉक्टरांची फी वेगळी पडते, तेव्हा समुद्रप्रवास धरणारा विमा घ्या.