मीठ बदललंस, ते कळलं

अगं, परवा फोनवर तू सहज म्हणालीस, घरात आता फक्त सैंधव वापरतो. त्या वेळी भोवती माणसं होती म्हणून बोलले नाही. पण तुला तिसरा महिना लागलाय, तेव्हा हे आजच सांगते.

सैंधव वाईट नाही. उपवासाला खा, ताकात घाल. पण त्यात आयोडीन नसल्यासारखंच असतं, आणि समुद्राच्या साध्या खडेमिठातही तेच. सुरुवातीचे महिने पोटातल्या बाळाची थायरॉईड ग्रंथी कामाला लागलेली नसते. मेंदूच्या वाढीला लागणारं संप्रेरक ते तुझ्याकडूनच घेतं, आणि ते तयार व्हायला आयोडीन हवं. एरवी मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, गरोदरपणी २५० लागतं. फार कमी पडलं तर बाळाच्या मेंदूचं होणारं नुकसान पुढे भरून निघत नाही. तुझा गळा सुजला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नकोस. सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळीतही आयोडीन नसतं.

हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात एके काळी घरोघरी गलगंड, म्हणजे आयोडीन कमी पडून सुजलेला गळा, दिसायचा. पाऊस आणि बर्फ डोंगराच्या मातीतलं आयोडीन वाहून नेतात, मग पिकात कुठून येणार? १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीन घातलेलं मीठ दिलं, तिसऱ्यात साधं. काही वर्षांत त्या दोन भागांतला गलगंड स्पष्ट घटला. त्यातूनच १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. मला या उपायाचं मोल वाटतं, कारण त्यासाठी कुणाला दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही. ज्या घरात भाकरीसोबत नुसता ठेचा असतो, तिथेही मीठ असतंच. म्हणूनच खाण्यासाठी साधं, बिनआयोडीनचं मीठ विकायला असलेली बंदी केंद्राने २००० साली उठवली, ते मला अजिबात पटलं नव्हतं. २००६ मध्ये ती परत आली, हे फार बरं झालं.

आता मीठ वाढवू मात्र नकोस हं. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, तेवढंच. दूध, दही, अंडी, मासळी यांतूनही थोडं आयोडीन मिळतं. मिठाची बरणी शेगडीपासून लांब ठेव, झाकण घट्ट लाव. दमट हवेत आणि उष्णतेत आयोडीन उडून जातं. शंका आली तर आशाताईंना विचार, त्यांच्याकडे तपासायचं किट असतं. मिठावर त्यातला थेंब टाकला की आयोडीन असेल तर जांभळट निळा रंग येतो.

आणि थायरॉईडची तपासणी अजून झाली नसेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना नक्की विचार. थायरॉईडची गोळी चालू असेल तर मनाने काही बदलू नकोस.

सासूबाईंना सैंधवच हवं असेल तर त्यांचं वेगळं ठेव, भांडू नकोस. तुझ्या भाजी-आमटीत मात्र पुड्यावर ‘आयोडीनयुक्त’ छापलेलंच पडू दे. त्यांना समजवायला मी फोन करू का?