'य' कोणाचा?
(अव्यक्त फलनांचे अवकलन)



वार्षिकांकात गणितावरचा लेख दिसला की आपल्यापैकी पुष्कळजण पान उलटतात. तरीही हे धाडस करीत आहे. कारण ज्या पायरीवर आपले गुण हमखास जातात, ती नीट पाहिली तर मुळीच अवघड नाही. मी स्वतः तिच्यावरून घसरलो आहे. चाचणीत 'य²' चा अवकलज '२य' लिहून मोकळा झालो. सरांनी तांबड्या शाईने एवढेच विचारले होते : "य कोणाचा?" त्या दिवशी हा प्रश्न मला कळला नाही, कळला तेव्हा सारे प्रकरणच सुटले.

य = क्ष² + ३ असे दिले असता 'य' एका बाजूला उघड उभा असतो. हे व्यक्त फलन. परंतु क्ष² + य² = २५ या समीकरणात 'य' आत दडलेला आहे. हे अव्यक्त फलन. आलेख काढला तर ५ त्रिज्येचे वर्तुळ मिळते. 'य' मोकळा करू गेल्यास वर्गमूळ येते आणि वरचे व खालचे अशी दोन अर्धवर्तुळे वेगळी हाताळावी लागतात. ही यातायात टाळता येते.

वर्गात आपण ज्याला 'डीवाय बाय डीएक्स' म्हणतो, त्याला येथे य′ म्हणू. दोन्ही बाजूंचे क्ष-सापेक्ष अवकलन करा. क्ष² पासून २क्ष मिळतो. य² पासून केवळ २य मिळत नाही. कारण 'य' स्वतंत्र नसून 'क्ष'वर अवलंबून आहे. म्हणून साखळी नियमाने २य·य′ असे लिहावे लागते. २५ हा स्थिरांक, त्याचे शून्य.

२क्ष + २य·य′ = ०, म्हणून य′ = −क्ष/य.

(३, ४) या बिंदूपाशी स्पर्शिकेचा चढ −३/४ आला. पडताळा पाहा : केंद्रापासून त्या बिंदूपर्यंतच्या त्रिज्येचा चढ ४/३. दोहोंचा गुणाकार −१. म्हणजे स्पर्शिका त्रिज्येला लंब. शाळेतल्या भूमितीने सांगितले होते तेच!

काही समीकरणांत 'य' मोकळा करणे फार किचकट होते. १६३८ साली देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने अशाच एका वक्राची स्पर्शिका काढून दाखवण्याचे आव्हान फर्मा याला दिले आणि फर्माने ते पेलले. त्याच जातीचा वक्र घेऊ :

क्ष³ + य³ = ६क्ष·य

उजवीकडे गुणाकार आहे, तेव्हा गुणाकाराचा नियम विसरू नका.

३क्ष² + ३य²·य′ = ६य + ६क्ष·य′

य′ ची पदे एकत्र करून, य′ = (२य − क्ष²)/(य² − २क्ष). (३, ३) पाशी उत्तर −१. मात्र (०, ०) पाशी ०/० येते. ती आपली चूक नव्हे. तेथे वक्र स्वतःलाच छेदतो, म्हणून एकच स्पर्शिका सांगता येत नाही.

अर्थशास्त्राच्या मित्रांनी आता समवृत्ती वक्र आठवावा. क्ष किलो ज्वारी व य किलो गूळ यांपासून मिळणारे समाधान क्ष·य = ३६ या वक्रावर सारखे राहते असे माना. अवकलन केल्यास य + क्ष·य′ = ०, म्हणजे य′ = −य/क्ष. ४ किलो ज्वारी व ९ किलो गूळ असताना थोड्याशा ज्वारीसाठी माणूस तिच्या सव्वादोनपट गूळ सोडायला तयार होतो. ९ किलो ज्वारी व ४ किलो गूळ असताना फक्त ४/९ पट. घटता सीमान्त पर्यायता दर म्हणून जे आपण पाठ करतो, ते हेच.

आता माधवनगरहून सांगलीच्या हळदपेठेत चला. गोदामाच्या भिंतीला ५ मीटरची शिडी टेकवली आहे. पाया भिंतीपासून क्ष अंतरावर, टोक य उंचीवर. पुन्हा क्ष² + य² = २५! पण शिडी घसरू लागली तर 'य' कोणाचा? आता क्ष आणि य दोघेही काळाचे. म्हणून २क्ष·क्ष′ + २य·य′ = ०; येथे क्ष′ आणि य′ हे वेग झाले. पाया ३ मीटरवर असताना सेकंदाला १ मीटर सरकत असेल, तर त्या क्षणी टोक सेकंदाला पाऊण मीटर खाली येते. अशा क्षणापुरत्या वेगाचा, तात्कालिक गतीचा, विचार भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहांसंबंधी केला होता.

तेव्हा पायऱ्या चारच : दोन्ही बाजूंचे अवकलन करा, प्रत्येक 'य'पाशी थांबून तो कोणाचा हे विचारा, य′ ची पदे एकत्र आणा, शेवटी बिंदू घाला. सरावासाठी क्ष² + क्ष·य + य² = ७ घ्या. (१, २) पाशी चढ −४/५ आला पाहिजे. न आल्यास 'य'वरून पुन्हा एकदा नजर फिरवा. कोठेतरी एक य′ लिहायचा राहिला असेल.