इंडोहायस : देवमाशाचा खुरवाला भाऊबंद

देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालत, असे सांगितले की वर्गात हशा पिकतो. तेव्हा मी इंडोहायसचा दाखला देतो. जम्मूतील कालाकोटच्या खडकांत सापडलेल्या या प्राण्याचे नामकरण भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी १९७१ साली केले. सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा हा खुरांचा प्राणी जेमतेम मांजराएवढा होता. रावांच्या पश्चात त्यांच्या संग्रहातील दगडांवर काम चालू असताना एक कवटी भंगली व कानाचे हाड उघडे पडले. त्याची आतील भिंत थेट देवमाशासारखी जाड! पायांची हाडेही पाण्यात वावरणाऱ्या प्राण्यांसारखी भरीव. हा पूर्वज नव्हे, पण जवळचा भाऊबंद, हे २००७ साली थेविसन, बाजपेयी प्रभृतींनी मांडले. म्हणून मित्रहो, प्रयोगशाळेच्या कपाटातील जुने नमुने अडगळ समजून टाकू नयेत, असे मला वाटते.