पहिली प्रीति

नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकांत आशिया प्रांतांतील सात मंडळ्यांस पाठविलेलीं सात पत्रें आहेत. त्यांपैकीं पहिलें पत्र इफिस येथील मंडळीस आहे. इफिस हें त्या काळीं समुद्रकांठचें मोठें व्यापारी नगर असून अर्तमी देवीच्या भव्य मंदिराबद्दल त्याची दूरवर ख्याति होती. अशा नगरांत ख्रिस्ती विश्वास राखणें सोपें नव्हतें. तरी तेथील मंडळीनें तो राखिला होता. तिचे श्रम, तिची सहनशीलता, खोट्या उपदेशकांस पारखून दूर ठेवण्याची तिची दक्षता, या सर्वांची वाखाणणी प्रभूनें त्या पत्रांत आधीं केली आहे. शाळेच्या भाषेंत बोलावयाचें तर या मंडळीस जवळजवळ सर्व विषयांत उत्तम गुण मिळाले आहेत. त्यानंतर मात्र एक दोष सांगितला आहे, आणि तो सुधारला नाहीं तर मंडळीचा दीप तिच्या जागेवरून काढला जाईल अशी सूचनाही दिली आहे. प्रारंभीं तिच्या ठायीं असलेली प्रीति तिनें सोडली होती, हाच तो दोष.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. इफिसकरांनीं उपासना बंद केली नव्हती, कीं काम टाकिलें नव्हतें. हात चालत होते, मन मात्र थंड झालें होतें. म्हणून हें पत्र ज्यांनीं धर्म सोडला त्यांच्यापेक्षां जे तो नियमानें पाळितात त्यांनींच अधिक लक्षपूर्वक वाचावें असें आम्हांस वाटतें. रोजची प्रार्थना, रविवारची उपासना, शास्त्राचा तास हीं सर्व व्यवस्थित चालूं शकतात, आणि ज्याच्याकरितां तीं चालावयाचीं त्याची आठवण त्यांत नसूं शकते.

सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असें एका शास्त्र्यानें प्रभु येशूस विचारिलें, ही कथा मार्काच्या १२ व्या अध्यायांत आहे. प्रभूनें कर्तव्यांची लांबलचक यादी दिली नाहीं. अनुवादाच्या ६ व्या अध्यायांतील वचन त्यानें पुढें ठेविलें. देव एकच आहे, म्हणून त्याच्यावरील प्रीतिही विभागलेली नसावी. अंतःकरण, बुद्धि, शक्ति यांपैकीं कांहींच मागें राखूं नये, असा त्याचा आशय आहे. शेजाऱ्यावरील प्रीति त्यानें दुसरी सांगितली. दुसरी म्हणजे हलकी नव्हे; पहिलीच्या मुळावर वाढणारी.

प्रीति आज्ञेनें कशी उत्पन्न होईल, असें कोणी विद्यार्थी विचारील. प्रश्न योग्य आहे, व त्याचें उत्तर त्याच ६ व्या अध्यायांत आहे. तेथें आईबापांस सांगितलें आहे कीं देवाच्या गोष्टी मुलांच्या मनावर बिंबवाव्या. घरीं बसतांना, वाट चालतांना, निजतांना व उठतांना त्यांविषयीं बोलत असावें. म्हणजे प्रीति सहवासानें वाढते. आईवर प्रीति करावी हें मूल पुस्तकांतून शिकत नाहीं. तिच्याजवळ राहून शिकतें. देवाचेंही तसेंच आहे. सहवासाची सवय लावून घेणें आपल्या हातीं आहे, आणि आज्ञा आहे ती त्याकरितां.

श्रम पुष्कळ असून मूळ वस्तु हातीं लागलेली नसणें, याचा अनुभव आपल्या महाराष्ट्रांत पंडिता रमाबाईंस आला. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत झाला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस विधवांकरितां शारदासदन काढिलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. विद्वत्ता, धैर्य, परोपकार यांपैकीं त्यांच्या ठायीं काय उणें होतें? तरी बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांना कळून आलें कीं आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला खरा, पण प्रत्यक्ष ख्रिस्ताची भेट झाली नाहीं. १९०७ सालीं आपला अनुभव लिहितांना त्यांनीं ही गोष्ट लपविली नाहीं.

ही भेट झाल्यावर त्यांचें काम घटलें नाहीं, वाढलें. १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांत जाऊन त्यांनीं सुमारें ३०० मुली व स्त्रिया आश्रयास आणिल्या, आणि पुण्याजवळ केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. जुलै १९२१ मध्यें त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. कन्येवर त्यांची प्रीति थोडी नव्हती. कामांतही तीच त्यांचा उजवा हात होती. तरी तो आधार गेल्यावर त्या खचून बसल्या नाहींत. हिब्रू व ग्रीक भाषांतून संपूर्ण पवित्र शास्त्राचें सोपें मराठी भाषांतर करण्याचें हातीं घेतलेलें काम त्यांनीं शेवटास नेलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या देवाघरीं गेल्या. पहिली जागा देवाची असल्यामुळें, दुसऱ्या जागेवरील प्रिय वस्तु गेली तरी त्यांचें जीवन कोसळलें नाहीं.

यावरून देवावर प्रथम प्रीति केल्यास घरच्यांवरील प्रीति उणी होते ही शंका दूर व्हावी. आमच्या समजुतीप्रमाणें उलट प्रकार अधिक घडतो. परीक्षेचें यश ज्या घरीं पहिल्या जागेवर बसतें, तेथें नापास झालेल्या मुलास तोंड दाखविण्यास जागा उरत नाहीं, आणि आईबापांची मायाही गुणांच्या आंकड्यांनीं मोजली जाते. देव जेथें पहिला, तेथें अपयशाचें दुःख होतें. पण मुलाची किंमत कमी होत नाहीं, कारण ती गुणपत्रिकेवर लिहिलेलीच नसते. अभ्यास झटून करावा, यांत संशय नाहीं. मात्र त्याला देव करूं नये. तो भार अभ्यासासही पेलत नाहीं व मुलासही नाहीं.

इफिसकरांस सांगितलेला उपायही अवघड नाहीं. कोठून पडलों हें आठवावें, मागें फिरावें, आणि आरंभीं करीत होतों तें पुन्हां करूं लागावें. मनांत उमाळा येईपर्यंत थांबण्यास सांगितलेलें नाहीं. विद्यार्थ्यानें सकाळीं पुस्तक उघडण्यापूर्वीं थोडा वेळ, कांहीं न मागतां, देवापुढें शांत बसावें. आईबापांनीं निजण्यापूर्वीं मुलाला गुण विचारण्याऐवजीं एखादे दिवशीं त्याच्याबरोबर देवाचे उपकार मोजावे. आणि ज्याच्याशीं आपला अबोला आहे त्याच्याशीं प्रथम बोलावें. कारण दिसणाऱ्या बंधूवर जो प्रीति करीत नाहीं, तो न दिसणाऱ्या देवावर ती करतो असें योहान मानीत नाहीं.

तिबिर्य समुद्राच्या कांठीं पुनरुत्थित प्रभूनें पेत्राला तीन वेळां विचारिलें तें त्याच्या प्रीतीविषयीं. त्याचें ज्ञान किती, धैर्य किती, हें विचारिलें नाहीं. आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरांची काळजी त्याच्यावर सोंपविली. आधीं प्रीति, मग काम, हा क्रम प्रभूनें स्वतः घालून दिला आहे. तो आपल्या घरांत व शाळेंत कायम राहो, अशी आमची प्रार्थना आहे.