करासहित भाव आणि संगणकावरील हिशेब

एक लोखंडी कपाट ११,८०० रुपयांना विकले. भाव करासहित ठरला होता आणि कराचा दर १८ टक्के. यात सरकारचे किती आणि आपले किती? आपल्याकडे पुष्कळ कारखानदार सरळ ११,८०० चे १८ टक्के काढतात. उत्तर २,१२४ रुपये येते आणि ते चुकीचे आहे. कपाटाची मूळ किंमत १०,००० आणि त्यावरील कर १,८००. म्हणजे एका कपाटामागे ३२४ रुपये पदरचे गेले. महिन्याला दहा कपाटे विकणाऱ्याचे ३,२४० रुपये असेच जातात, आणि मग धंद्यात काही उरत नाही अशी तक्रार होते.

कर मूळ किमतीवर असतो, करासहित किमतीवर नव्हे. २००५ पर्यंत विक्रीकर होता, त्यानंतर व्हॅट आला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आहे. नावे बदलली, हे गणित मात्र तेच आहे. संगणकावर ते एकदा नीट बसवले की रोज डोके लावावे लागत नाही.

त्यासाठी एक्सेल हवेच असे नाही. लिब्रेऑफिसचे कॅल्क फुकट मिळते व तेही चालते. पडद्यावर उभे रकाने आणि आडव्या ओळी दिसतात. रकान्याला अक्षर, ओळीला आकडा. दोन्ही मिळून घराचे नाव, जसे सी२. (येथे अक्षरे, आकडे आणि सूत्रांची नावे देवनागरीत छापली आहेत, संगणकावर ती इंग्रजीत टाइप करावीत.)

पहिली ओळ मथळ्यांची. ए मध्ये तारीख, बी मध्ये माल, सी मध्ये नग, डी मध्ये एका नगाचा करावेगळा भाव, ई मध्ये मूळ किंमत, एफ मध्ये कराचा दर, जी मध्ये कर आणि एच मध्ये बिलाची रक्कम. सूत्राची सुरुवात नेहमी बरोबरच्या चिन्हाने होते. गुणाकाराला फुली नाही, तारा. भागाकाराला तिरकी रेघ.

ई२ मध्ये: =सी२*डी२
जी२ मध्ये: =राउंड(ई२*एफ२/१००,२)
एच२ मध्ये: =ई२+जी२

एफ मध्ये नुसते १८ लिहावे, टक्क्याचे चिन्ह लावू नये. नाहीतर शंभराने दोनदा भागले जाते आणि १,८०० च्या जागी १८ रुपये कर दिसतो. राउंड हे सूत्र रक्कम दोन दशांशांपर्यंत खरी करते. ते नसेल तर पडद्यावर पैसे बरोबर दिसतात, पण आत लपलेल्या दशांशांमुळे महिन्याच्या बेरजेत फरक निघतो.

आता करासहित भावाचे. यासाठी त्याच मथळ्यांचे वेगळे पान करावे. येथे एच२ मध्ये आपण स्वतः ११,८०० लिहायचे, डी रिकामा ठेवायचा आणि उलट जायचे.

ई२ मध्ये: =राउंड(एच२*१००/(१००+एफ२),२)
जी२ मध्ये: =एच२-ई२

आतला कंस विसरू नये. तो राहिला तर संगणक आधी गुणाकार-भागाकार उरकतो, मग १८ मिळवतो आणि मूळ किंमत ११,८१८ दाखवतो. मूळ किंमत बिलापेक्षा मोठी दिसली की कंस राहिला असे समजावे.

सूत्र एकदा जमले की घराचा उजवा खालचा कोपरा धरून खाली ओढावे. पुढच्या ओळीत सी२ चे सी३ आपोआप होते.

काही जाणकार दर एकाच घरात ठेवून सर्व ओळी त्याला जोडायला सांगतात. आम्हाला ते पसंत नाही. २२ सप्टेंबर २०२५ रोजी अनेक दर बदलले. २,५०० रुपयांहून महाग तयार कपड्यावर १२ चे १८ टक्के झाले. ज्याने एकाच घरातला दर बदलला, त्याच्या ऑगस्टच्या बिलांचा करही त्याच क्षणी बदलला असणार. म्हणून प्रत्येक ओळीत त्या दिवशीचा दर लिहावा. जुनी ओळ जुन्याच दराने राहते.

माल महाराष्ट्रातच विकला तर कर निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. आपल्या कपाटावर ९०० आणि ९००. माल परराज्यात गेला तर पूर्ण १,८०० आयजीएसटी म्हणून. यासाठी आय रकान्यात राज्याचे नाव लिहून ठेवावे, विवरणपत्र भरताना शोधाशोध होत नाही.

ज्यांची नोंदणी नाही, किंवा ज्यांनी कंपोझिशन योजना घेतली आहे, त्यांनी हे रकाने बिलावर उतरवू नयेत. त्यांना गिऱ्हाईकाकडून कर घेण्याची मुभाच नाही, आणि कर म्हणून घेतलेला पैसा सरकारात भरावाच लागतो.