चूक नोकराची, भरपाई मालकाची

कुर्ल्याच्या बैल बाजारातून किंवा पाइप रोडवरून सकाळी चालत निघालात, तर मालक एकटाच राबतो आहे असा गाळा क्वचितच दिसेल. कोणाकडे दोन कारागीर असतात, कोणाकडे हातगाडीवाला, कोणाकडे वसुलीला जाणारा मुनीम. धंदा वाढला की माणसाला आपले दोन हात पुरत नाहीत, दुसऱ्याचे हात घ्यावे लागतात. त्या दुसऱ्या हातांनी कोणाचे काही बिघडवले तर भरून कोणी द्यायचे? आणि काम करता करता तेच हात मोडले तर कोणी सांभाळायचे? या पाठात हे दोनच प्रश्न आपण पाहू. आपल्या वर्गात नोकरी करणारेही आहेत आणि पुढेमागे स्वतःचे दुकान टाकू पाहणारेही आहेत. दोघांनाही हा पाठ उपयोगी पडेल.

आधी एक शब्द शिकू : अपकृत्य. चोरी केली तर तो गुन्हा. त्यात सरकार खटला भरते आणि चोराला शिक्षा होते. उधारी बुडवली तर तो कराराचा भंग. परंतु समजा, तुम्ही रस्त्याने चालला आहात, वर परांचीवर काम चालू आहे, आणि नीट न बांधलेली फळी तुमच्या डोक्यात पडली. तुमचा त्या माणसाशी करार झालेला नव्हता. त्याला तुम्हाला मारायचेही नव्हते. पण त्याने जी काळजी घ्यायला हवी होती ती घेतली नाही, आणि त्यामुळे तुमचे नुकसान झाले. हे अपकृत्य होय. त्याबद्दल दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागता येते. एकाच घटनेत गुन्हाही असू शकतो आणि अपकृत्यही, हे ध्यानात ठेवा. शिक्षा झाली म्हणजे भरपाई मिळाली असे नव्हे. आपल्या देशात अपकृत्यांचा असा एक सलग कायदा नाही. तो बराचसा न्यायालयांच्या निवाड्यांतून घडत आला आहे. म्हणून या पाठात निवाडे पुष्कळ येतील. गोष्टींसारखे वाचा, लक्षात राहतील.

पहिली गोष्ट आपल्या दारातलीच आहे. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास कुर्ला स्थानकाहून अंधेरीकडे निघालेली ३३२ क्रमांकाची विजेवर चालणारी बस एस. जी. बर्वे मार्गावर गर्दीत घुसली. नऊ माणसांचा जीव गेला आणि चाळिसांहून अधिक जखमी झाले. चालकाचा दोष होता की यंत्राचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम. आपण येथे निवाडा करायला बसलेलो नाही. पण त्या रात्रीनंतर कुर्ल्यात घरोघर एक प्रश्न विचारला गेला. बसवर नाव बेस्टचे, मार्ग बेस्टचा, तिकीटही बेस्टचे. मात्र गाडी आणि चालक ठेकेदार कंपनीचे. मग ज्याचे माणूस गेले त्याने जायचे कोणाकडे?

या जातीचा प्रश्न पूर्वीही न्यायालयापुढे आला होता. राजस्थानच्या एस.टी. महामंडळाने एक बस भाड्याने घेतली होती. तिचा चालक गाडीमालकाचा, वाहक मात्र महामंडळाचा. अपघात झाला. महामंडळ म्हणाले, चालक आमचा नोकर नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विचारले ते असे : पगार कोण देतो हे बाजूला ठेवा, गाडी कोणत्या वाटेने न्यायची, कोठे थांबायचे, कोणाला घ्यायचे, हा हुकूम कोणाचा? हुकूम महामंडळाचा होता, तेव्हा जबाबदारीही महामंडळावर आली. पुढे २०११ साली उत्तर प्रदेशच्या महामंडळाच्या खटल्यात आणखी एक पायरी चढली गेली. भाड्याने दिलेल्या गाडीबरोबर तिचा विमाही जातो, म्हणून विमा कंपनीने भरपाई द्यावी, असे तेथे ठरले. यावरून व्यवहारात इतके समजावे, की अशा दाव्यात चालक, गाडीमालक, गाडी चालवून घेणारी संस्था आणि विमा कंपनी या सर्वांची नावे घालावीत. भरपाई कोणाकडून, ते न्यायाधिकरण ठरवील. जखमी माणसाने आपल्या मनाने एकालाच निवडून बाकीच्यांना सोडू नये.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, हा न्याय कुठला? गाडी ठोकली त्याने, आणि पैसे भरायचे मी?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की नोकराच्या कष्टाचा नफा मालक घेतो, तर त्या कष्टातून होणारी इजाही त्याच्याच खात्यावर मांडली पाहिजे. शिवाय नोकर निवडणे, त्याला शिकवणे, गाडीचा ब्रेक तपासणे हे सारे मालकाच्या हातात असते. जखमी माणसाच्या हातात त्यातले काहीच नसते.

पण याला एक कुंपण आहे. नोकराचे कृत्य कामाच्या ओघातले असले पाहिजे. हे शब्द दिसायला साधे आहेत, आणि वकिलांची निम्मी कमाई त्यांवरच चालते असे म्हटले तरी चालेल! दोन खटले शेजारी शेजारी ठेवून पाहू.

गुजरातमधल्या एका मालकाने आपली मोटार टॅक्सी म्हणून चालवायला एका चालकाच्या हवाली केली होती. चालकाने गाडी धुणाऱ्या माणसाला चालवायला शिकवले आणि परवान्याच्या परीक्षेसाठी गाडी त्याच्या हाती दिली. परीक्षा देताना त्याने एका माणसाला जखमी केले. चालक त्या वेळी गाडीत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली बहुमताने ठरवले, की परवाना काढणे हे त्या धुणाऱ्याचे स्वतःचे काम होते, मालकाच्या धंद्याचे नव्हे. मालक सुटला.

दुसरा खटला आपल्या विदर्भातला. १८ डिसेंबर १९६० रोजी नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाणारी एक मोटार सावनेरजवळ झाडावर आदळली. मोटार एका जिनिंग प्रेसिंग कंपनीची, चालवीत होता कंपनीचा व्यवस्थापक. त्याने वाटेत सोबत म्हणून घेतलेला एक गृहस्थ मरण पावला. कंपनीचे म्हणणे पडले, की याला गाडीत बसवायला आम्ही सांगितले नव्हते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. व्यवस्थापक कंपनीच्याच कामाला निघाला होता. वाटेत कोणाला बसवून घेतले म्हणून काम कंपनीचे राहत नाही असे होत नाही. विधवेला भरपाई मिळाली. मिळाली खरी, पण अपघाताला तोवर सोळा वर्षे उलटून गेली होती.

दोन्ही गाड्या मालकांच्याच होत्या. फरक पडला तो, गाडी त्या घटकेला कोणाच्या कामावर होती, यावरून.

आता मुनीम आणि दलाल यांच्याकडे वळू. दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणाऱ्याला कायद्याच्या पुस्तकात अभिकर्ता म्हणतात. बाजारात हा शब्द उच्चारलात तर कोणी वळून पाहणार नाही. तेथे मुनीम, दलाल, अडत्या, मुखत्यार हेच शब्द चालतात, आणि तेच बरे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात यांचे नियम दिले आहेत. दिलेल्या अधिकारात राहून मुनिमाने केलेला व्यवहार मालकाने स्वतः केल्यासारखा धरतात. मुनिमाने मालकाला हिशेब दिला पाहिजे. मालकाला अंधारात ठेवून त्याच धंद्यात स्वतःचा फायदा केला, तर तो फायदा मालक मागू शकतो.

या कायद्यातले एक कलम लहान दुकानदाराने पाठ करावे असे आहे : कलम २०८. तुम्ही वसुलीच्या माणसाला सोमवारी काढून टाकलेत. तो मंगळवारी तुमच्या गिऱ्हाइकाकडे नेहमीसारखा गेला आणि पैसे घेऊन आला. गिऱ्हाइकाला काही ठाऊक नव्हते. आता ते पैसे गिऱ्हाइकाकडे पुन्हा मागता येणार नाहीत. कारण, ज्याला तुम्ही कळवले नाही त्याच्या लेखी तो माणूस अजून तुमचाच आहे. तेव्हा माणूस काढलात की पहिले काम म्हणजे पावतीपुस्तक परत घेणे, आणि दुसरे त्याच दिवशी गिऱ्हाइकांना लेखी कळवणे. आजकाल फोनवरही लिहून कळवता येते. नुसता तोंडी निरोप कामाचा नाही.

कारकुनाने लबाडीच केली तर? इंग्लंडमध्ये लिव्हरपूल शहरात एक विधवा वकिलाच्या कचेरीत गेली. आपल्या दोन घरांचे काय करावे, हा सल्ला तिला हवा होता. कचेरीतल्या मुख्य कारकुनाने तिच्या सह्या घेतल्या आणि घरे आपल्याच नावावर करून घेतली. वकिलाला याचा पत्ताही नव्हता. तरी तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने १९१२ साली वकिलालाच जबाबदार धरले. का? कचेरी त्याची होती, आणि असले व्यवहार करायला कारकून त्यानेच बसवला होता. बाई कारकुनावर विसंबली ती त्या कचेरीच्या भरवशावर.

याच्या उलट अलाहाबादचा एक निवाडा आहे, १९७८ सालचा. एका बाईच्या नवऱ्याने बँकेत भरायचे पैसे शेजारी राहणाऱ्या, ओळखीच्या बँक नोकराच्या हातात दिले. पावती घेतली नाही. नोकराने पैसे खाल्ले. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, पैसे स्वीकारले ते मित्र म्हणून, बँकेचा माणूस म्हणून नव्हे. बँक सुटली आणि बाईचे पैसे बुडाले. आपल्याकडे भिशीचे, पतपेढीचे, विम्याच्या हप्त्याचे पैसे असेच ओळखीच्या माणसाजवळ देण्याची चाल फार आहे. माणूस भला असेलही. पण पावती खिडकीवर मिळते, जिन्यात मिळत नाही.

आता दुसरा प्रश्न, काम करणाऱ्यालाच इजा झाली तर. येथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, इतके दाखवले की पुरे. हा नियम १९२३ च्या कायद्याने आणला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.

काम चालू असणे म्हणजे कोठून कोठपर्यंत? यावरही एक गोष्ट आपल्याच उपनगरातली आहे. २० जुलै १९५७ ला बेस्टचा एक चालक आपली बस जोगेश्वरीच्या आगारात लावून, दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला. वाटेत अंधेरीजवळ ती बस उभ्या लॉरीवर आदळली. तो रस्त्यावर फेकला गेला आणि सहा दिवसांनी इस्पितळात वारला. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली. बेस्ट म्हणाली, पाळी संपली होती. खटला दिल्लीपर्यंत गेला. १९६३ साली तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी तिच्या बाजूने कौल दिला. मुंबई एवढी पसरलेली. चालक वेळेवर यावेत, ताजेतवाने राहावेत म्हणूनच त्यांना बसमधून फुकट प्रवासाची मुभा होती. तेव्हा तो प्रवास नोकरीचाच भाग, असे त्यांनी मानले.

मग ज्याला मालक बस देत नाही त्याचे काय? साखर कारखान्याचा एक पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलने निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. उस्मानाबादच्या आयुक्तांनी घरच्यांना ३,२६,१४० रुपये व व्याज मंजूर केले. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते काढून घेतले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ते परत दिले. पहाटेची वेळ, कारखान्याची वाट, पाळीची नोंद, या सर्वांचा कामाशी सांधा जुळतो असे ते म्हणाले. नव्या संहितेतही घर ते काम आणि काम ते घर हा प्रवास धरला आहे, मात्र असा सांधा दाखवता आला पाहिजे. कामावरून सुटून सिनेमाला गेलात आणि तेथून येताना पडलात, तर तो जुळायचा नाही.

रक्कम कशी काढतात तेही पाहू. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराच्या निम्म्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. चाळीस वर्षांच्या माणसाचा आकडा १८४.१७ आहे. पगार १२,००० असेल तर निम्मे ६,०००; गुणाकार ११,०५,०२० रुपये. वहीत स्वतः करून पाहा. दावा दोन वर्षांच्या आत करावा. कामगार राज्य विमा योजनेत नाव असेल तर हा रस्ता नाही. तेथून घरच्यांना महिन्याचे वेतन मिळते.

आणि हा गुणाकार करायला पगार किती होता हे कागदावर हवे. येथेच आपल्या गाळ्यांतली माणसे अडतात. चिठ्ठी नाही, हजेरी नाही, पगार हातोहात. मालक म्हणतो, हा माणूस माझा नव्हेच! नव्या संहितेप्रमाणे मालकाने नेमणुकीचे पत्र दिले पाहिजे. मागायला संकोच वाटतो, हे मला कळते. मिळेपर्यंत निदान आपल्या वहीत रोजची तारीख, काम आणि मिळालेली रक्कम लिहीत जा. लिहायला तर आपण आता शिकलोच आहोत.

वर्गात चर्चेसाठी : साकीनाक्याच्या एका कारखानदाराने आपल्या टेम्पोवाल्याला माल घेऊन घाटकोपरला पाठवले. माल उतरवून परत येताना टेम्पोवाला वाट वाकडी करून कमानीला बहिणीच्या घरी भाजी द्यायला वळला. तेथे टेम्पोचा धक्का लागून एका मुलाचा पाय मोडला, आणि टेम्पोवाल्याचाही हात मोडला. मुलाची भरपाई कोणी द्यावी? टेम्पोवाल्याची कोणी? दोन्ही उत्तरे एकच येतात का, ते आपापसात बोलून पाच ओळींत लिहा.